विद्यापीठाचं ग्रंथालय कसं चालतं? पैसा, पुस्तकं, इमारत आणि नरसिंहपूरचा विद्यार्थी

नीरा आणि भीमा जिथे एकत्र येतात, तिथे नरसिंहपूर आहे. इंदापूर तालुक्यातलं, पुणे जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाचं हे गाव. लक्ष्मी-नृसिंहाच्या मंदिरासाठी ते ओळखलं जातं. पुण्यातलं विद्यापीठ इथून दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे.

इथल्या मुलाने बारावीनंतर इंदापूर किंवा बारामतीच्या कॉलेजात प्रवेश घेतला, तर तो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विद्यार्थी होतो. तोच मुलगा नीरा ओलांडून अकलूजला गेला, तर जिल्हा बदलतो आणि विद्यापीठही. मग तो पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा विद्यार्थी असतो. नदीच्या कुठल्या काठावरच्या कॉलेजात नाव घातलं, त्यावर कोणत्या ग्रंथालयावर त्याचा हक्क हे ठरतं.

पण हक्क असणं आणि पुस्तक हातात पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या अंतरात अर्थसंकल्प, समित्या, खरेदीचे नियम, इमारत आणि ग्रंथपाल येतात.

थोडक्यात

- विद्यापीठाच्या ग्रंथालयाला स्वतःचं असं वेगळं उत्पन्न जवळपास नसतं. विद्यापीठाच्या अर्थसंकल्पातून त्याला वाटा मिळतो.
- ग्रंथालयावर किती खर्च व्हावा याच्या शिफारशी १९४९ पासून आहेत. त्या शिफारशीच आहेत, सक्ती नाही.
- खर्चाचा मोठा भाग आता छापील पुस्तकांपेक्षा जर्नल्स आणि ऑनलाइन साधनांकडे वळला आहे.
- हरवलेली पुस्तकं, जुनी पुस्तकं बाद करणं, वार्षिक मोजणी या सगळ्याला नियम आहेत.
- गावात बसूनही विद्यार्थ्याला बरंच काही मोफत मिळू शकतं. फक्त ते कॉलेजात मागावं लागतं.

पुणे विद्यापीठाचं 'जयकर' म्हणजे काय?

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. पहिले कुलगुरू होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. गणेशखिंडीत, जिथे पूर्वी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं निवासस्थान होतं, त्या ४११ एकरांच्या आवारात विद्यापीठ उभं राहिलं. त्याच्या ग्रंथालयाला जयकरांचं नाव देण्यात आलं. आज त्याचं अधिकृत नाव 'जयकर ज्ञानस्रोत केंद्र' असं आहे. विद्यार्थी मात्र अजूनही 'जयकर'च म्हणतात.

सुरुवातीला या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचं होतं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि पुण्याकडे पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे तीन जिल्हे राहिले. सोलापूर जिल्हा शिवाजी विद्यापीठाकडे होता. २००४ मध्ये त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. नीरेच्या पलीकडे वेगळं विद्यापीठ लागतं ते त्यामुळे.

कार्यक्षेत्र लहान झालं तरी संलग्न कॉलेजांची संख्या मोठीच आहे. त्यामुळे 'जयकर'समोरचा जुना प्रश्न कायम आहे: हे ग्रंथालय आवारातल्या संशोधकांचं, की तिन्ही जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांचं?

पैसा कुठून येतो?

ग्रंथालय तिकिटं विकत नाही. दंडाची रक्कम किरकोळ असते. विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी ग्रंथालय अनामत भरतो, पण ती परत करायची असते. खरा पैसा पुढच्या वाटांनी येतो.

- विद्यापीठाचा सर्वसाधारण निधी: परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, विभागांमधली शिक्षण शुल्कं अशा उत्पन्नातून तयार होणारा.
- राज्य सरकारचं अनुदान: मुख्यतः मंजूर पदांच्या पगारासाठी.
- केंद्राच्या योजना: पूर्वी पंचवार्षिक योजनांच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी विकास अनुदान देत असे. २०१३ पासून 'रूसा' आणि २०२३ पासून 'पीएम-उषा' या योजनांतून पैसा येतो.
- देणग्या: रोख रक्कम किंवा एखाद्या अभ्यासकाचा संपूर्ण ग्रंथसंग्रह.

पुढच्या वर्षी काय लागेल याचा अंदाज ग्रंथालय देतं. तो ग्रंथालयाची समिती, वित्त व लेखा समिती आणि व्यवस्थापन परिषद असा वर चढतो आणि शेवटी अर्थसंकल्पाचा भाग म्हणून अधिसभेसमोर येतो. या प्रवासात सगळ्यात आधी कात्री लागते ती पुस्तकांच्या रकमेला. पगार थांबवता येत नाही, वीजबिल थांबवता येत नाही. पुस्तकं मात्र 'पुढच्या वर्षी घेऊ' म्हणता येतं, आणि ते म्हटल्याने त्या दिवशी काहीच बिघडत नाही. परिणाम दिसायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर त्या वर्षांतली पुस्तकं बाजारातून संपलेली असतात.

कॅलेंडरचीही अडचण असते. सरकारी आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं, तर जर्नल्सची वर्गणी जानेवारी ते डिसेंबर. वर्गणी आगाऊ भरावी लागते. निधी उशिरा मंजूर झाला की अंक तुटतात. दुसऱ्या टोकाला, मार्चमध्ये पैसा 'संपवायचा' म्हणून घाईत घेतलेली पुस्तकं बरीचशी विक्रेत्याच्या सोयीची असतात, वाचकाच्या नाही.

किती खर्च व्हायला हवा?

या प्रश्नाचं उत्तर तीन वेळा देण्यात आलं आहे.

१) राधाकृष्णन आयोग (१९४८-४९): विद्यापीठाच्या एकूण अर्थसंकल्पाच्या सव्वासहा टक्के, किंवा दर विद्यार्थ्यामागे ४० रुपये.

२) यूजीसीची ग्रंथालय समिती: १९५७ मध्ये नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष होते डॉ. एस. आर. रंगनाथन. तिने दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि दर शिक्षक व संशोधकामागे २०० रुपये सुचवले.

३) कोठारी आयोग (१९६४-६६): दर विद्यार्थ्यामागे २५ आणि दर शिक्षकामागे ३०० रुपये.

आजच्या काळात हे आकडे हास्यास्पद वाटतील. पण त्यांतलं तत्त्व पाहण्यासारखं आहे. समजा, त्या काळी एखाद्या कॉलेजात २,००० विद्यार्थी आणि ६० शिक्षक असते. रंगनाथन समितीच्या हिशोबाने ग्रंथांसाठी ३०,००० अधिक १२,००० म्हणजे ४२,००० रुपये निघाले असते. कॉलेज वाढलं की रक्कम आपोआप वाढली असती. आता अनेक ठिकाणी उलटं होतं. मागच्या वर्षीची रक्कम घ्यायची आणि थोडी इकडे-तिकडे करायची. विद्यार्थी दुप्पट झाले, तरी त्या रकमेला त्याचा पत्ता नसतो.

टक्केवारीचं सूत्रही याच कारणासाठी सुचवलं गेलं. महागाई वाढली, अर्थसंकल्प वाढला, तर ग्रंथालयाचा वाटाही सोबत वाढावा.

देणगीने काय होतं आणि काय होत नाही?

याचं सर्वात ठळक उदाहरण मुंबईत आहे. १८६४ मध्ये व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. काही आठवड्यांनी मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले आणि त्याला आपल्या आईचं नाव देण्याची इच्छा कळवली. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केला. १८६९ मध्ये काम सुरू झालं आणि १८७८ मध्ये पूर्ण झालं. हाच राजाबाई टॉवर.

इमारत दीडशे वर्षांनंतरही उभी आहे, पण ती आपोआप टिकलेली नाही. काचा, दगड, लाकूडकाम यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी पुन्हा बाहेरून पैसा उभा करावा लागला आणि ते काम २०१५ मध्ये पूर्ण झालं. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यात ही वास्तूही आहे.

इमारतीला दाता मिळतो, कारण तिच्यावर नाव कोरता येतं. रोजची झाडलोट, बांधणी, वाळवी-प्रतिबंध, जर्नलची दरवर्षीची वर्गणी यांवर नाव कोरता येत नाही. म्हणून जाणती ग्रंथालयं देणगी घेताना दोन गोष्टी पाहतात. एक, देणगीतून कायम ठेव होते का, म्हणजे व्याजातून दरवर्षी खरेदी करता येईल. दोन, पुस्तकांची देणगी असेल तर नको ती पुस्तकं नाकारण्याचा अधिकार ग्रंथालयाकडे राहतो का. फुकट आलेल्या पुस्तकालाही नोंद, कपाट आणि निगा यांचा खर्च लागतोच.

एक पुस्तक कपाटात कसं येतं?

बाहेरून हे काम दुकानात जाऊन पुस्तक आणण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात टप्पे असे असतात.

१) शिफारस: विभागातले शिक्षक किंवा विद्यार्थी पुस्तक सुचवतात.

२) पडताळणी: ते आधीच आहे का, नवी आवृत्ती आहे का, किंमत बरोबर आहे का, हे पाहिलं जातं.

३) मंजुरी आणि मागणी: समितीची संमती, विक्रेत्यांकडून दर, सवलत ठरवणं. छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो. परदेशी पुस्तकांत मात्र डॉलर-पौंडाच्या दराने हिशोब हलतो.

४) दाखल नोंद: पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. हा दाखल क्रमांक म्हणजे पुस्तकाचा आधार क्रमांकच. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाच क्रमांक.

५) वर्गीकरण आणि तालिकीकरण: विषयानुसार वर्गांक दिला जातो. १८७६ ची ड्यूई दशांश पद्धती जगभर चालते. १९३३ मध्ये रंगनाथन यांनी 'कोलन' ही भारतीय पद्धती मांडली.

६) तयारी: शिक्के, पाठीवर चिठ्ठी, बारकोड. मग पुस्तक देवघेव विभागात किंवा संदर्भ विभागात जातं.

यातला कोणताही टप्पा अडला तर पुस्तक विकत घेऊनही वाचकाला मिळत नाही. तालिकेत चुकीचा वर्गांक पडलेलं किंवा चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं.

इमारत: वाचनकक्ष हवा की कपाटं?

ग्रंथालयाच्या इमारतीवर दोन मागण्या असतात आणि त्या एकमेकींशी भांडतात. पुस्तकांना अंधार, कोरडेपणा आणि शांतता हवी. माणसांना उजेड, वारा, पाणी, स्वच्छतागृह आणि रात्री उशिरापर्यंत उघडा दरवाजा हवा.

पुस्तकं जड असतात. कपाटांनी भरलेल्या दालनाची जमीन साध्या वर्गखोलीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भार पेलेल अशी बांधावी लागते. त्यामुळे रिकामा हॉल दिसला म्हणून तिथे रॅक लावता येत नाहीत. पावसाळ्यात दमट हवेने बुरशी येते. उन्हाळ्यात कागद ठिसूळ होतो. वाळवी आणि कसर तर बाराही महिने. पूर्वी पोथ्या कापडात घट्ट बांधून ठेवत आणि कडुनिंबाचा पाला घालत. आता हवेतली आर्द्रता मोजली जाते आणि ती साधारण ५० टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न असतो. आग विझवण्यासाठी पाण्याऐवजी गॅस किंवा पावडरची साधनं लागतात, कारण आगीतून वाचलेलं पुस्तक पाण्याने जातं.

पाण्याची भीती भीमेच्या खोऱ्यात कुणाला नव्याने सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. उजनीतून मोठा विसर्ग आणि नीरेला पूर एकाच वेळी आले, तर नरसिंहपूरचा संगम फुगतो. अशा भागात शाळा-कॉलेजचं ग्रंथालय कुठल्या मजल्यावर ठेवायचं, हा संग्रहाच्या आयुष्याचा प्रश्न असतो. तळमजला सोयीचा असतो, पण दुर्मीळ पुस्तकं, जुने प्रबंध आणि दाखल नोंदवह्या वरच बऱ्या.

धोका फक्त निसर्गाचा नसतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमावाने हल्ला केला, पुस्तकं आणि हस्तलिखितांची नासधूस केली. संग्रहाची नोंद नीट असेल तरच काय गेलं हे तरी कळतं, आणि डिजिटल प्रत असेल तर मजकूर वाचतो.

वाचनकक्षावरचा ताणही वाढला आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे अनेक विद्यार्थी स्वतःची पुस्तकं घेऊन येतात. त्यांना ग्रंथालयातली पुस्तकं नको असतात. टेबल, पंखा आणि शांतता हवी असते. ही गरज खरी आहे. पण खुर्च्यांची गर्दी म्हणजे संग्रहाचा वापर नव्हे. दोन्हींसाठी वेगळी जागा आणि वेगळी तरतूद नसेल, तर संग्रह मागे पडतो.

पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाच्या खिशातून?

ही भीती जुनी आहे आणि तिच्यामुळे अनेक ठिकाणी पुस्तकं कुलुपातच राहतात. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मध्ये याचं स्पष्ट उत्तर आहे. राज्य विद्यापीठांचे लेखासंहितेचे नियम वेगळे असले, तरी हा नियम सगळीकडे दाखल्यासाठी वापरला जातो.

- २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी.
- २०,००० ते ५०,००० ग्रंथ असतील तर किमान तीन वर्षांतून एकदा पूर्ण मोजणी.
- ५०,००० हून अधिक असतील तर तीन वर्षांच्या आत नमुना मोजणी.
- वाचकांना दिलेल्या किंवा चाळायला काढलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथांची घट समजण्याजोगी मानावी. मात्र ती अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी.
- १,००० रुपयांपेक्षा महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर चौकशी झालीच पाहिजे.

म्हणजे पुस्तक वापरलं की थोडी घट होणारच, हे नियमानेच मान्य केलं आहे.

याला जोडूनच येतं निर्लेखन, म्हणजे पुस्तक अधिकृतपणे बाद करणं. फाटलेली, कालबाह्य अभ्यासक्रमाची पुस्तकं जागा अडवतात. ती समितीच्या मंजुरीने काढावी लागतात. इथे घाई केली की पुढे पस्तावायची वेळ येते. २००५ चं संगणकाचं पाठ्यपुस्तक बाद करायला हरकत नाही, पण १९३५ चा तालुक्याचा अहवाल दुसरीकडे कुठेच नसेल.

जर्नल्सचं ओझं आणि 'एक देश, एक वर्गणी'

पुस्तक एकदा घेतलं की घरचं होतं. जर्नल म्हणजे संशोधन नियतकालिक. त्याची वर्गणी दरवर्षी भरायची, आणि ऑनलाइन असेल तर वर्गणी थांबली की अनेकदा जुने अंकही बंद. किमती परदेशी चलनात ठरतात आणि वाढत जातात. एकट्या विद्यापीठाला हे झेपत नाही, म्हणून एकत्र येऊन खरेदी करण्याचा मार्ग निघाला.

या मार्गाची सुरुवात पुण्याशी जोडलेली आहे. विद्यापीठांची ग्रंथालयं संगणकाने जोडणारा 'इन्फ्लिबनेट' हा यूजीसीचा प्रकल्प १९९१ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका'च्या अंतर्गत सुरू झाला. १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र झाला. आज त्याचं मुख्यालय गांधीनगरला आहे. ग्रंथालयांसाठीचं 'सोल' हे सॉफ्टवेअर, पीएचडी प्रबंधांचं 'शोधगंगा' हे भांडार आणि कॉलेजांसाठीची 'एन-लिस्ट' ही योजना याच केंद्राची.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-जर्नल्स आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा आवाका आहे. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली.

यात तालुक्याच्या ठिकाणासाठी एक बारकावा आहे. ही योजना केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. इंदापूर-बारामतीसारख्या भागांत कॉलेजं मुख्यतः खासगी शिक्षण संस्था चालवतात. त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यासाठी 'एन-लिस्ट' महत्त्वाची राहते. तिची वार्षिक वर्गणी काही हजार रुपयांतच असते. ती भरून, प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं उघडून देणं हे कॉलेजच्या ग्रंथालयाचं काम. वर्गणी भरलेली असूनही विद्यार्थ्यांना खातीच मिळालेली नसली, तर तो पैसा वाया जातो.

नरसिंहपूरच्या विद्यार्थ्याच्या हातात काय आहे?

- कॉलेजच्या ग्रंथपालाकडे 'एन-लिस्ट'चं खातं मागणं.
- 'शोधगंगा' वापरणं. देशभरातले लाखो प्रबंध तिथे कुणालाही मोफत वाचता येतात. मराठी, इतिहास, शेती या विषयांतले प्रबंधही आहेत.
- आयआयटी खरगपूरने उभारलेल्या 'नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'वर नाव नोंदवणं.
- पुण्याला जाण्याआधी विद्यापीठ ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका पाहणं, वर्गांक टिपून घेणं, आणि कॉलेजचं ओळखपत्र व ग्रंथपालाचं शिफारसपत्र सोबत नेणं. रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता त्याने बरीच कमी होते.
- हवं ते पुस्तक लेखी सुचवणं. मागणीची नोंद असेल तर ग्रंथपालालाही समितीत बोलता येतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गावातलं सार्वजनिक वाचनालय विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं का?*
नाही. ते महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली, राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाकडे येतं. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार त्याला अनुदान मिळतं.

*नॅक मूल्यांकनात ग्रंथालय मोजलं जातं का?*
हो. चौथ्या निकषात 'ग्रंथालय हे अध्ययनाचं साधन' असा स्वतंत्र भाग आहे. त्यात संगणकीकरण, ई-साधनं, ग्रंथांवरचा खर्च आणि वापर पाहिला जातो.

*कॉलेजने ग्रंथालयावर किती खर्च केला, हे विद्यार्थ्याला विचारता येतं का?*
विद्यापीठ आणि अनुदानित कॉलेज माहिती अधिकार कायदा २००५ खाली येतात. १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. ग्रंथखरेदीची तरतूद किती होती, खर्च किती झाला, ग्रंथपालाचं पद भरलेलं आहे का आणि 'एन-लिस्ट'ची किती खाती उघडली, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. त्याआधी हेच प्रश्न ग्रंथपालांना समोर बसून विचारावेत. पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं, आणि ग्रंथालयाला मागणी करणारा एक वाचकही मिळतो.